ग्युहानच्या नावाखालची जागा

वंशावळीची शेवटची मुद्रितं गुरुवारी छापखान्यात परत जायची होती, आणि रविवारी दुपारी फक्त एका पानावर प्योंगदोकाकांची सही राहिली होती. पान एकशे चौऱ्याऐंशी. 'चे' आडनावाचं घराणं, थोरली पाती, एकतिसावी पिढी.

आमच्या मुक्सिल गावात वंशावळ तीस वर्षांतून एकदा छापतात. मागच्या खेपेला ग्युहान बारा वर्षांचा होता. तेव्हा त्याच्या नावाखाली चार बोटं जागा कोरी सोडली होती, आणि ती कोरी जागा त्याच्या वडिलांनी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवली होती. आता वडील जाऊन नऊ वर्षं झाली, ग्युहान बेचाळीस वर्षांचा झाला, तेगू शहरात शाळेत भूगोल शिकवतो, लग्नाला बारा वर्षं होऊन गेली, आणि जागा तशीच आहे. वंशावळीच्या समितीनं कळवलं होतं की पुस्तकात कोरी जागा चालणार नाही. एकतर दत्तकाचं नाव द्या, नाहीतर 'निर्वंश' एवढं लिहा आणि मोकळे व्हा.

मोकळे व्हा म्हणणं सोपं असतं. थोरल्या पातीत 'निर्वंश' हा शब्द आजवर कधी पडला नव्हता.

"ह्योनूचं नाव घालू," प्योंगदोकाका म्हणाले. ओसरीच्या लाकडी फरशीवर पानं पसरून ते भिंग घेऊन बसले होते. ह्योनू हा त्यांचा धाकटा नातू, सहा वर्षांचा. "पोरगं राहील आपल्या आईबापाकडेच. कागदोपत्री काही बदलत नाही. फक्त या पुस्तकात आणि श्राद्धाला उभं राहताना ते ग्युहानचं. यात कुणाचं काय जातंय?"

काकांच्या मनात कपट नव्हतं, हे इथंच सांगून टाकतो. धाकट्या पातीत जन्मलेला माणूस आयुष्यभर थोरल्यांच्या मागच्या रांगेत उभा राहून नमस्कार करतो. आपला नातू पुढच्या रांगेत उभा राहणार, याचा त्यांना आनंद झाला होता आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटत होती. म्हणून ते सारखे चष्मा पुसत होते.

"काका, माझं नाव बघितलंत का?" इन्सुकनं विचारलं. ग्युहानची ही थोरली बहीण. पुसानहून सकाळीच आली होती, आणि आल्यापासून तिची जीभ म्यानात गेली नव्हती. "की अजून 'मुलगी: जावई पे चांगहो' एवढंच आहे? गेल्या खेपेला शेजारच्या आत्याचं बघितलं होतं मी. नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं गाव, नवऱ्याचा बाप. आत्या कुठंच नाही."

"या खेपेला मुलींची नावं घालतोय. तुझं आहे."

"अगं बाई! सेहेचाळिसाव्या वर्षी बारसं झालं म्हणायचं माझं. आणि जुन्यांची?"

"जुन्यांची कुठून आणू? कुणाला माहीत आहेत?" काका वैतागले. "इन्सुक, तू कोबीकडे बघ बरं."

हिवाळ्यापुरत्या लोणच्याचा कोबी अंगणात मिठात पडला होता. तिथं सूनबाई, म्हणजे ग्युहानची बायको नान्ही, आणि सासूबाई बुन्ये अशा दोघीच होत्या. दोघींच्या हातांत कोपरापर्यंत रबरी मोजे होते.

"फडताळात खालच्या कप्प्यात काढा ठेवलाय. काळ्या शेळीचा," बुन्येबाई कोबीची गड्डी उलटी करत म्हणाल्या. "जाताना ने."

"आई, आज ह्योनूचं नाव लिहितायत. आता काढा कशाला?"

"नाव पुस्तकात जाईल. पोटाचं वेगळं. चाळिशीत झालेल्या बायका आहेत गावात."

नान्हीनं पुढची गड्डी उचलली. बारा वर्षांत तिनं सात प्रकारचे काढे घेतले होते. कडू, तुरट, एक तर जळक्या केसांच्या वासाचा. सुरुवातीला सासूला वाईट वाटू नये म्हणून घेतले, मग सवयीनं, आणि गेले पंधरा दिवस ती ते मोरीत ओतत होती. कारण पंधरा दिवसांपूर्वी तेगूच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आणि ग्युहानला समोर बसवून सगळं सांगितलं होतं.

पडद्यावर ग्युहानचे शुक्राणू दिसत होते. जिवंत होते, पण जागचे हलत नव्हते. कुणाची शेपटी आखूड, कुणाची गुंडाळलेली, कुणाला नाहीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेपटीच्या आत बारीक नळ्या असतात, कडेनं नऊ जोड्या आणि मधोमध एक. ती मधली जोडी जागेवर धरून ठेवणारं एक प्रथिन यांच्या शरीरात तयारच होत नाही. त्या प्रथिनाला नाव असं नव्हतं, शहरातल्या बसला असतात तशी अक्षरं आणि आकडे होते. तेच प्रथिन शुक्राणूच्या मानेच्या सांध्यातही लागतं, म्हणून सुईनं तो स्त्रीबीजात सोडूनही चारही वेळा गर्भ तिसऱ्या दिवशी थांबला. पाचव्यांदाही थांबेल. औषध नाही.

"प्रत्येकाकडे या प्रथिनाच्या सूचनेच्या दोन प्रती असतात," बाई म्हणाल्या होत्या. "एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. यांच्या दोन्ही बिघडल्यात, आणि बिघाड अगदी एकच आहे. तुमचे आईवडील नात्यातले का?"

ग्युहान हसला होता. पंधरा दिवसांत तेवढाच. "बाई, आमच्या घरात एकतीस पिढ्या लिहून ठेवल्यात. असलं होणं शक्य नाही."

नान्ही हसली नव्हती. ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. दोन प्रतींत एकाच अक्षराला एकच चूक असली, तर त्या एकाच छापखान्यातून निघालेल्या असतात, हे तिच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. या घरात आल्यावर जुनी चिनी लिपी शिकून वंशावळीची पानंही तीच तपासत होती. पुरुषांपैकी ती धड कुणालाच वाचता येत नाही, काकांनाही भिंग लावून निम्मीच. पंधरा दिवस रोज रात्री जेवणं झाल्यावर ती पानं उलटत बसली, आणि तिला हवं ते सापडलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तिला त्याची गरज वाटत नव्हती. तिला एकच वाक्य हवं होतं, आणि ते तिनं आज सकाळी गाडीत मागितलं होतं.

"काकांची सही व्हायच्या आत तुझ्या तोंडानं सांग. 'दोष माझ्यात आहे.' तीन शब्द. दत्तक घे, नको घेऊस, मला काही म्हणायचं नाही. पण हे सांगितलं नाहीस तर संध्याकाळी मी एकटी परत जाईन, आणि मग मला न्यायला येऊ नकोस."

"पुस्तक छापून होऊ दे," ग्युहान म्हणाला होता. "आईला आत्ता सोसायचं नाही."

"मला बारा वर्षं सोसलं."

तो वाईट माणूस नव्हता. आजारपणात तिचे पाय चेपायचा, सुईच्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर चार-चार तास उभा राहायचा. पण पुस्तकात ज्याचं नाव जन्मतःच छापलेलं असतं त्याला स्वतःबद्दल काही बोलायची सवय लागत नाही. त्याच्या वतीनं दुसरेच बोलतात.

चारच्या सुमारास सगळे ओसरीवर बसले. जवाचा चहा आला, सोललेली पर्सिमनची फळं आली. काकांनी पान मधे ओढलं.

"तर मग. सूनबाई, तुझी संमती आहे ना? तुझ्या पोटी काही झालं नाही म्हणून हे करावं लागतंय, पण तुझा मान कमी होणार नाही. श्राद्धाची पहिली थाळी तूच वाढायचीस."

नान्हीनं ग्युहानकडे पाहिलं. ग्युहान पर्सिमनच्या बिया बशीच्या कडेला नीट रांगेत मांडत होता.

इन्सुकला भावाची ही रांग लावायची सवय माहीत होती. लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावरही तो असाच शेंगांची टरफलं रांगेत लावत बसला होता, आणि मार तिला बसला होता.

"ग्युहान," ती म्हणाली, "तू कधी तपासून घेतलंस का रे?"

"आता त्याचं काय काढलंस ताई?"

"घेतलंस की नाही, एवढंच विचारतेय. बोकड तपासल्याशिवाय कुणी शेळीला नावं ठेवत नाही."

"इन्सुक!" बुन्येबाई ओरडल्या.

"घेतलं," ग्युहान म्हणाला. एवढं म्हणाला, आता पुढचंही म्हणेल, असं नान्हीला मनापासून वाटलं. ग्युहाननं घसा खाकरला. "आहे काहीतरी. दोघांचं मिळून आहे."

"दोघांचं?" नान्ही म्हणाली.

मोठ्यांसमोर ती नवऱ्याला 'तुम्ही' म्हणत असे. आज ते तिच्या लक्षात राहिलं नाही.

"हो, दोघांचंच आहे. पण तुझं आणि माझं नाही. तुझ्या आईचं आणि बाबांचं." तिनं चाळून चाळून पान एकशे एकाहत्तर काढलं आणि काकांच्या भिंगाखाली ठेवलं. "काका, वाचा. ग्युहानचे खापरपणजोबा. त्यांना मुलगे दोन आणि मुलगी एक. मुलीच्या जागी काय लिहिलंय?"

काकांनी ओठ हलवत वाचलं. "मुलगी: जावई शिन तेगिल. राहणार उल्जिन."

"आणि आईंच्या आईचं माहेरचं आडनाव शिन. तिच्या बापाचं नाव तेगिल. लग्नाच्या वेळी आईंच्या घरून आलेला कागद पेटीत आहे, त्यात लिहिलंय."

काकांना हिशेब लागायला वेळ लागला. बोटं मोडत ते वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मग त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे दादाच्या आजोबांची सख्खी बहीण... ही वहिनींची आजी?"

"त्या घरातून एक बिघडलेली प्रत मुलाकडून खाली आली आणि एक मुलीकडून. मुलाची वाट तुम्ही लिहून ठेवलीत. मुलीची नाही लिहिली. म्हणून दोन्ही वाटा याच घरात परत कधी भेटल्या ते कुणाला कळलं नाही. ग्युहानच्या अंगात एक प्रथिन तयार होत नाही, म्हणून मला मूल नाही. माझ्यात काहीही दोष नाही. आता हे मला सांगावं लागलं."

बुन्येबाईंच्या हातात चहाचा पेला होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि हात मांडीवर एकावर एक घेतले. त्र्याहत्तर वर्षांच्या बाई, पण आत्ता त्यांच्या डोळ्यांसमोर उल्जिनच्या समुद्राकाठचं घर होतं आणि मासे वाळत घालणारी एक वाकलेली म्हातारी. आमच्याकडे सून सासरी गेली की तिला माहेरच्या गावानं हाक मारतात.

"माझ्या आजीला सगळे मुक्सिलवाली म्हणायचे," त्या म्हणाल्या.

इन्सुक सावरून बसली. "आई, तुला माहीत होतं?"

"मध्यस्थ आला तेव्हा मुक्सिल म्हणाला. मी बावीस वर्षांची. बाप नव्हता, आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासत होती. आणि स्थळ आलं ते थोरल्या पातीचं. तुझ्या आजोबांनी माझ्या बापाच्या सात पिढ्या विचारल्या. त्याचा बाप, त्याच्या बापाचा बाप, कोण कुठं पुरला. आजीचं माहेर कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्या थांबल्या. "नसतं सांगितलं. खोटं कशाला बोलू? बाईकडून आलेलं नातं ते काय नातं, असं मनाला समजावलं आणि आले."

"वहिनी, अहो..." काका म्हणाले.

"ग्युहानच्या घरी पाळणा हलेना, तेव्हा मनात आलं, हे आपल्याच पापाचं. कुणाला सांगणार? मग सूनबाईला औषधं सुरू केली." त्या नान्हीकडे बघत नव्हत्या. "एखादं लागू पडलं असतं तर दोष तुझ्यात होता असं ठरलं असतं. मी सुटले असते. म्हणून पाजत राहिले ग. मूल व्हावं म्हणून नाही, मी सुटावं म्हणून."

नान्हीला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. बारा वर्षं जिच्यावर ती चिडली होती त्या बाईनं एका दमात सगळं कबूल केलं होतं, आणि एवढं धैर्य तिच्या मुलात का नाही, हेच तिला कळत नव्हतं.

ग्युहाननं मान वर केली. इन्सुकनं त्याचा चेहरा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती.

"म्हणजे आईनं तेव्हा सांगितलं असतं तर हे झालंच नसतं," तो म्हणाला. "मग यात नान्हीचा दोष नाही. माझाही नाही. आई, तू निदान बाबांना तरी सांगायचं होतंस."

अंगणातल्या मांजरानं कोबीच्या टोपलीत तोंड घातलं, पण कुणी हाकललं नाही.

"झालं?" नान्हीनं शांतपणे विचारलं. "बारा वर्षं माझ्या माथी होतं. आता आईंच्या माथी गेलं. एका बाईकडून उचललंस आणि दुसरीवर ठेवलंस. तुझ्या बोटाला शाईसुद्धा लागली नाही."

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं? सांग ना. अजून सही झालेली नाही."

ग्युहाननं काकांकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. मग रांगेतून सरकलेली एक बी परत जागेवर ठेवली.

काकांना मधेच तोंड उघडायची संधी मिळाली. "हे बघा, घरातलं घरात राहू दे. बाहेर एक शब्द जाता कामा नये. ह्योनूचं नाव लिहू, आणि ही शिन तेगिलची ओळ... ती काढून टाकू. कुणी विचारणार नाही."

"काढा की," इन्सुक म्हणाली. "तिचं नाव आधीही नव्हतंच. आता तिचा नवराही घालवा."

"तू गप ग."

"सेहेचाळीस वर्षं गपच होते काका. आजच तर नाव मिळालंय."

नान्हीनं एकशे चौऱ्याऐंशी नंबरचं पान स्वतःकडे ओढलं. तांबडी लेखणी तिच्या कानामागे होती, मुद्रितं तपासताना असतेच. ग्युहानच्या नावाच्या डावीकडे बारीक अक्षरांत ओळ होती: पत्नी, मुन नान्ही, मुन ब्योंगसूची कन्या. तिनं त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. मग समासात, जिथं छापखान्यातला जुळारी बघतो तिथं, वगळायची खूण केली. शेपटी व्यवस्थित वळवून, जशी ती शाळेच्या पुस्तकांत रोज करते. खाली तारीख घातली.

"एक दुरुस्ती राहिली होती काका."

"सूनबाई, अगं वेडी का तू? हे एकदा छापलं की तीस वर्षं बदलत नाही!"

"म्हणून तर आत्ता केली."

तिनं मोजे धुवून दोरीवर घातले. बुन्येबाईंसमोर ती गुडघे टेकून बसली आणि कपाळ फरशीला लागेपर्यंत वाकली, नवी सून पहिल्या दिवशी वाकते तशी. बुन्येबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, पण काढे पाजलेला हाच हात म्हणून मागे घेतला. इन्सुक पिशवी घेऊन तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. तिथं दोघी काहीतरी बोलल्या. काय ते ओसरीवर ऐकू आलं नाही.

ग्युहान उठला खरा. पायऱ्यांशी जाऊन बूट घालायला बसला. एक बूट घातला, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा दुसरा बूट त्याच्या हातात होता.

काका पानावरची तांबडी खूण रबरानं पुसता येते का ते बघत होते. शाई होती, पुसली जाईना. बुन्येबाई अंगणात उतरल्या आणि पुन्हा कोबीपाशी बसल्या, कारण मीठ जास्त वेळ राहिलं की कोबी कामातून जातो. ग्युहान एका पायात बूट घालून त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला.

खाली रस्त्यावर गाडी पर्सिमनच्या बागेला वळसा घालून पुलाकडे लागली होती. नंतर ती दिसेनाशी झाली.

"आई," ग्युहान म्हणाला. आवाज इतका बारीक होता की त्याला तो पुन्हा काढावा लागला. "आई, दोष माझ्यात आहे."

बुन्येबाईंनी हातातली गड्डी टोपलीत ठेवली आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पोटच्या मुलाकडे इतक्या परकेपणानं त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"मला कशाला सांगतोस?" त्या म्हणाल्या. "ती मघाशी तुझ्यापासून दोन हातांवर बसली होती."